धोळासरपर्यंतची वीज

अभयकुमार जेवायला बसला तरी एकाच पायाची मांडी घालतो. दुसरा गुडघा वर, उठायच्या तयारीत. जळगावच्या कापडबाजारात त्याचं साड्यांचं आणि शर्टिंग-सूटिंगचं दुकान आहे, आजोबांनी मांडलेलं. त्या दुकानातली गादी अख्ख्या बाजारात सगळ्यात कमी झिजलेली असेल, कारण मालक तिच्यावर बसतच नाही. गिऱ्हाईक एक साडी मागतं, हा दहा काढतो, अकरावी काढता काढता सुरतेच्या व्यापाऱ्याला फोनवर झापतो, आणि तेवढ्यात समोरच्या टपरीवाल्याला खुणेने चहा सांगतो. चहा आला की तो पीत नाही. मी पितो.

मी त्याचा शेजारी, भूपेंद्र पाटील. मूळ शिंदखेड्याकडचा, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. माझा जन्म डिझेलच्या वासात गेला. त्यामुळे अभयच्या मुलाने, रोनकने, पुण्यात बसून हट्ट धरला आणि बापाला विजेवरची गाडी घ्यायला लावली, तेव्हा मी मनापासून हसलो होतो. अभय मला गाडीभोवती फिरवून दाखवत होता. "नाना, आवाज नाही, धूर नाही."

"मग ती चालू आहे हे तुला कोण सांगणार?" मी म्हटलं.

पण ते त्याला कुणी सांगायची गरजच पडली नाही. अशा माणसाला अशी गाडी म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. पूर्वी त्याला नुसती धंद्याची घाई असायची, आता टक्क्यांची लागली. जामनेरला जाऊन यायचं असलं तरी आदल्या दिवसापासून याचा जीव बॅटरीत. शिंदखेड्याला माझ्या पुतणीचं लग्न होतं, तिथे याने मांडवाच्या रोषणाईची पिन काढून स्वतःच्या गाडीची लावली. अर्धा मांडव अंधारात गेला. व्याही मला विचारायला लागले की तुमच्याकडे अजून लोडशेडिंग आहे का. मी म्हटलं, नाही, आमचा शेजारी आलाय.

तर हा माणूस आपल्या आईला घेऊन वाळवंटात निघाला, त्याची ही गोष्ट.

आईचं नाव लाडकुंवर. वय ब्याऐंशी. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. लग्न होऊन मारवाडातून जळगावात आल्या, सासऱ्यांच्या दुकानात बसून खेड्यातल्या बायकांना लुगडी दाखवता दाखवता अहिराणी शिकल्या, ती अशी की माझी बायको ताईबाईसुद्धा त्यांच्यापुढे गप्प बसते. घरात मारवाडी, स्थानकात, म्हणजे साधू-साध्वी उतरतात त्या जैनांच्या जागी, हिंदी, माझ्याशी अहिराणी. मुलाशी त्या मारवाडीतच बोलतात, मी ते आपल्या मराठीत लिहितो.

अक्कांची धाकटी बहीण जैन साध्वी आहे. अठराव्या वर्षी माहेरच्या गावी, धोळासरला, तिने दीक्षा घेतली आणि दुसऱ्या सकाळी अनवाणी गावाबाहेर पडली. धोळासर म्हणजे जोधपूरच्या पुढे फलोदी, आणि फलोदीच्याही पलीकडे वाळूत. अक्का त्या वेळी जाणार होत्या, तिकिटं काढलेली होती. पण पोटातला अभय महिनाभर आधीच बाहेर आला. माणसाचा पिंड जन्मतःच ठरतो म्हणतात ते काही खोटं नाही. बाळंतीण बाई जळगावातच राहिली आणि तिकडे बहीण घर सोडून गेली. पुढे भेटी झाल्या, कधी ब्यावरला, कधी जोधपूरला, एकदा तर महासतीजी, साध्वी झालेल्या बहिणीला आता असंच म्हणायचं, चालत चालत धुळ्यापर्यंत आल्या होत्या. थोरलीने धाकटीला वाकून वंदना करायची, हेही अक्कांच्या अंगवळणी पडलं. पण बहिणीला घरातून निघताना पाहिलं नाही, हे मात्र त्यांच्या मनातून गेलं नाही.

यंदा त्या महासतीजींचा चातुर्मास नेमका धोळासरला होता. पावसाळ्याचे चार महिने साधू-साध्वी एका गावी राहतात आणि कार्तिकी पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर पायी निघतात. त्याला विहार म्हणतात. पंच्याहत्तरीच्या साध्वी पुन्हा त्या गावी कधी येणार? अक्का काही मागणाऱ्या बाई नाहीत. तीर्थयात्रा नको, दागिना नको. पण आषाढातच त्या ओट्यावर बसून मला म्हणाल्या, "भूपेंद्रभाऊ, माले तिले निंघतांना देखनं शे. त्याच गावमाईन. दुसरं काही नही."

अभय म्हणाला, नक्की जाऊ. पर्युषणात जाऊ. मग म्हणाला नवरात्रात. मग दिवाळीचं गिऱ्हाईक आलं. मग पाडव्याचा मुहूर्त, मग लग्नसराईची खरेदी. असं करत करत पौर्णिमा परवावर आली तेव्हा हा जागा झाला. अक्का रोज सकाळी नुसतं त्याच्या तोंडाकडे बघायच्या आणि माळ घेऊन बसायच्या. मला त्यांचा नाही, त्याचाच राग यायचा. घाईचा माणूस महत्त्वाच्या कामाला नेमका उशीर करतो हे मी एसटीत आयुष्यभर पाहिलंय.

रेल्वेने जावं तर अक्कांचे गुडघे धरलेले, डब्याची पायरी चढवत नाही. मी म्हटलं, भाड्याची डिझेल गाडी घेऊ, मी चालवतो, एका दमात नेतो. अभय म्हणाला, "घरची गाडी दारात असताना?" आणि गंमत म्हणजे अक्कांचंही मत त्याच्याच बाजूला पडलं. गाडीत आग पेटत नाही, तेवढे जीव वाचतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

मग दुकानात गादीवर बेत मांडला गेला. अभयने कापड मोजायचा लोखंडी गज आडवा ठेवला आणि त्याच्या कडेने बटणांचे डबे मांडले. हा डबा नवापूर, हा भरूच, हा अहमदाबाद, हा पालनपूर, तिथे धर्मशाळेत मुक्काम. दुसऱ्या दिवशी सिरोही, जोधपूर, फलोदी. गजाच्या मापाने एका चार्जात किती जायचं ते बघायचं. कापडाच्या धंद्यात एका पार्टीवर कुणी विसंबत नाही, एकाने माल नाही दिला तर दुसरा धरून ठेवतात. तसं याने प्रत्येक डब्यामागे आणखी एक डबा ठेवला. प्रत्येक ठिकाणी फोन लावून विचारलं, मशीन चालू आहे का, माणूस असतो का, रांग लागते का. त्यातही अक्कांचा नेम सांभाळायचा. त्या सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाहीत, म्हणजे संध्याकाळचा थांबा उजेडातच हवा आणि सावलीला बसायची जागा हवी. हे सगळं त्याने धरलं होतं, त्याला नाव ठेवायला जागा नाही. फलोदीच्या पुढे मात्र सगळी वाळूच. तिथे एका हॉटेलवर मशीन होतं, आणि त्याच्या मागचा डबा म्हणजे खुद्द धोळासरचं स्थानक. तिथल्या रुपचंदजींना त्याने फोन केला. नवीन हॉल बांधलाय का? बांधलाय. मीटर आहे? आहे. पंधरा अँपियरचा पॉइंट? तोही आहे. अर्थिंग? केलंय.

"बस," अभय म्हणाला. "रात्रभर गाडी आपल्याच स्थानकात भरेल. सकाळी आई विहार बघेल आणि आपण परत."

अक्का दुकानाच्या मागच्या बाजूला पडद्यामागे खाखऱ्याचे डबे भरत होत्या. त्यांना यातलं कुणी काही विचारलं नाही.

पहाटे निघालो. भरूचपर्यंत मी चालवली. गाडी चांगली आहे, हे मी अभयसमोर कबूल केलं नाही. पण शेजारी बसून हा जे करत होता त्याने माणसाला फेफरं यावं. एसी नको, टक्के खातो. काच उघडू नका, वारा अडतो. नाना, जरा हळू. नाना, आता जरा पटकन, नाहीतर भरूचला दुसरा कुणी घुसेल. नवापूरच्या घाटात एसटी बघितली की मी हात करायचो, तर म्हणाला, हात आत घ्या. मी घाम पुसत हात आत घेतला. मागे अक्का डोक्यावर पदर घेऊन शांत बसलेल्या. त्यांच्या मांडीवर बहिणीसाठी काही नव्हतं, कारण साध्वीला कुणी काही नेऊन देत नाही. रिकाम्या हातांनी एवढ्या लांब जाणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

चार्जिंगच्या प्रत्येक थांब्यावर मायलेकांचा एक सामना व्हायचा. गाडीला नळी लावली की अक्का उतरायच्या, कटासन अंथरायच्या आणि सामायिकला बसायच्या. सामायिक म्हणजे पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ, दोन घटका, एका जागी बसून चिंतन. मध्ये उठायचं नाही. पहिल्या ठिकाणी बरोबर जमलं. भरूचला मात्र मशीन जोरात होतं, गाडी आधी भरली. मागे दोन गाड्या उभ्या, त्यांचे हॉर्न, आणि अक्का डोळे मिटून. अभय त्यांच्याभोवती फेऱ्या मारतोय, घड्याळ बघतोय, पण आईला हात लावायची हिंमत नाही. शेवटी मी गाडी बाजूला काढली.

"नाना, अशाने पालनपूर हुकेल."

"पालनपूर कुठे पळून चाललंय?" मी म्हटलं.

पालनपूर हुकलं नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेला, जोधपूरही वेळेत आलं. तिथे गाडी पोटभर भरून घेतली आणि आम्ही वाळवंटाच्या तोंडाला लागलो. पहिल्यांदा खेजडीची झाडं होती, मग बाभळी, मग तीही विरळ झाली. मला खानदेशातला उन्हाळा माहीत आहे, पण तिथे निदान केळीची हिरवी पट्टी मध्येच येते आणि डोळ्यांना बरं वाटतं. इथे नुसती वाळू. फलोदीच्या पुढे मात्र एक अजब गोष्ट दिसली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना, नजर जाईल तिथवर, सोलरच्या निळ्या काचा उन्हात तापत पडलेल्या. तारा डोक्यावरून दूर कुठे वीज घेऊन चाललेल्या.

"एवढी वीज," अभय काचेला नाक लावून म्हणाला, "आणि प्लग कुठेच नाही."

हॉटेल आलं. मशीनही होतं. त्याच्यावर गोणपाट टाकलेलं होतं. काउंटरवरचा माणूस चांगला होता, त्याने चहा पाजला, पण मशीन दोन दिवस झाले बंद आहे म्हणाला. "फोनवर तर चालू है सा म्हणालात," अभय म्हणाला. तो म्हणाला, "हॉटेल चालू है सा." त्याने साधा घरगुती पॉइंट दिला असता, पण त्यावर दोन-चार तास थांबावं लागलं असतं. अभय उभ्या उभ्या हिशेब करून म्हणाला, गरज नाही, धोळासरला सहज पोहोचतो, तिथे स्थानक आहेच. मला तो पॉइंट सोडू नये असं वाटत होतं. ड्रायव्हरला हातातला पंप सोडवत नाही. पण अक्कांनी उन्हाकडे पाहिलं, त्यांना बहिणीचं दर्शन उजेडात घ्यायचं होतं, म्हणून मीही गाडीत बसलो.

आता अभय स्वतः चालवत होता. एकेरी डांबरी रस्ता, दोन्ही कडेला वाळू चढलेली, माणूस नाही. सूर्य कलायला लागला होता. अक्कांनी मागून सहज विचारलं, "गाडी रात्री कुठे लावणार?"

"स्थानकात. तिथेच चार्जिंगला."

"कुठल्या स्थानकात?"

"धोळासरच्या. मावशी आहेत तिथेच."

अक्कांनी हातातली माळ थांबवली. मग म्हणाल्या, "महासतीजी उतरल्यात तिथे चार महिने वीज कशी असेल? मेन स्विच काढून ठेवला असेल. त्या विजेत जीव मानतात, त्यांच्या छपराखाली दिवासुद्धा लावत नाहीत. तुला माहीत नाही?"

अभयला माहीत होतं. जन्मापासून माहीत होतं. जळगावच्या स्थानकात कुणी साध्वी आल्या की पंखे बंद करायला हाच जातो. मीटर विचारलं, अर्थिंग विचारलं, अँपियर विचारले, आणि घरातली गोष्ट विसरला. रुपचंदजींनाही दोष देता येत नाही. त्यांना विचारलं पॉइंट आहे का, त्यांनी सांगितलं आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. कळसा मागच्या सीटवर दोन दिवस माळ ओढत बसला होता.

मी म्हटलं, "अरे, गावात चार घरं असतील. कुणीही एक प्लग देईल. चल सरळ."

"ज्यांच्याशी बोलणं झालं नाही त्यांच्या भरवशावर? आणि तिथे लाइटच नसली तर? नाना, उद्या परत कसं यायचं?" त्याचा आवाज चढला होता. "हॉटेलवर परत जाऊ. तो पॉइंट देत होता. भरून मग येऊ."

"आणि सूर्यास्त?" मी म्हटलं.

त्याने ऐकलं नाही. एसटीच्या प्रत्येक गाडीत लिहिलेलं असतं, अति घाई संकटात नेई. त्या एकेरी रस्त्यावर त्याने गाडी वळवायला घेतली. पुढची चाकं वाळूत उतरली. त्याने ॲक्सिलेटर दाबला. असल्या गाडीचा जोर मोठा आणि वजनही मोठं, चाकांनी मिनिटाभरात आपली कबर खणली. मी ओरडलो की दाबू नको, पण याला थांबणं म्हणजे मरण. जेव्हा तो थांबला तेव्हा गाडी पोटावर बसली होती आणि बॅटरीचा आकडा पाच टक्क्यांवर आला होता.

मी आणि तो गुडघ्यावर बसून हातांनी वाळू काढायला लागलो. काढू तेवढी परत आत येत होती. अभयच्या पांढऱ्या सदऱ्याचं पोतेरं झालं. तो सारखं पुटपुटत होता, "पोहोचलो असतो, पोहोचलो असतो." अक्का खाली उतरल्या, वाऱ्याकडे पाठ करून वाळूतच बसल्या आणि डबा उघडला. सूर्य बुडायच्या आत त्यांना जेवून घ्यायचं होतं. दोन खाखरे, थोडी मेथीची चटणी, तांब्याभर पाणी. मला त्यांनी एक खाखरा पुढे केला. अभयकडे पाहून म्हणाल्या, "तूही खा." तो नाही म्हणाला. मला त्या क्षणी त्याची दया आली आणि दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं.

सूर्य टेकला आणि मग एक पिकअप आली, कडब्यासारख्या कसल्याशा चाऱ्याने भरलेली. चालवणारा तिथलाच एक पागोटेवाला होता. त्याने काही न विचारता दोर काढला, मागे बांधला आणि आमची गाडी ओढून डांबरावर आणली. जवळच त्याच्या भावाची ढाणी होती, म्हणजे वाळूतलं वस्तीचं घर. तिथे विहिरीच्या मोटरीचं कनेक्शन होतं. गाडी तिथवर रांगत गेली आणि प्लगला लागली. पडद्यावर आकडा आला: भरायला सकाळ होणार. पिकअपवाला पुढे धोळासरवरूनच जाणार होता.

अक्का पिकअपच्या केबिनकडे चालायला लागल्या.

"आई, कुठे?" अभय म्हणाला.

"तुझी गाडी तू भर. मी निघते." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, हेच अवघड होतं. "तुझ्यासाठी एकदा राहिले मी मागे. आता नाही राहत."

अभय जागच्या जागी उभा राहिला. केबिनमध्ये आणखी एकालाच जागा होती, मी म्हटलं, तू जा, मी गाडीपाशी थांबतो. चाऱ्यावर बसून दोघंही येऊ शकलो असतो. त्याने पिकअपकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं. व्होल्टेज वरखाली होत होतं, चार्जरचा हिरवा दिवा मध्येच लाल व्हायचा. "लाल झाला की पिन काढून परत लावावी लागते," तो म्हणाला. "तुम्हाला नाही जमणार, नाना. तुम्ही आईबरोबर जा. मी उजाडायच्या आत येतो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात वायरीवरच होता. मी अक्कांना वर चढवलं.

धोळासरला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. स्थानकात अर्थातच दिवा नव्हता. सूर्यास्तानंतर तिथे पुरुषांना आत जाता येत नाही. दोन बायका आल्या, अक्कांना धरून आत घेऊन गेल्या, आणि मी रुपचंदजींच्या ओसरीवर गेलो. त्यांच्या घरी पंखा चालू होता आणि भिंतीवर पंधरा अँपियरचा पॉइंट होता. मी तो बराच वेळ बघत बसलो.

उजाडलं. अभय आला नाही. मी गावाच्या रस्त्यावर दहा वेळा जाऊन आलो, फोन लावला, तर रेंज नाही. आता मलाच त्याचा आजार लागला होता. स्थानकासमोर गावातले लोक जमले, जैनांची चार घरं आणि बाकीचे जाट, बिश्नोई, मुसलमान, सगळे. सूर्य वाळूवर वर आला आणि त्या बाहेर आल्या. तीन साध्वी, दोघी तरुण, आणि मध्ये अक्कांच्याच चणीची एक म्हातारी, हातात काठी. तोंडावर पांढरी मुहपत्ती, पाय अनवाणी. अक्का उंबऱ्याच्या एका बाजूला भिंतीला टेकून उभ्या होत्या. महासतीजी पायरी उतरल्या, थांबल्या नाहीत, आणि गल्लीतून चालायला लागल्या. अक्कांनी ते पाहिलं. एवढंच होतं ते, चार पायऱ्या आणि एक वळण, पण अक्कांनी ते डोळ्यांची पापणी न लववता पाहिलं.

मग अक्कांनी चपला काढल्या. निघणाऱ्या साधूंना गावाबाहेर थोडं पोचवायला जायची रीत आहे. मी म्हटलं, "अक्का, गुडघा."

"राहू दे त्याले," त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागल्या.

गावाची घरं संपली, सरळ रस्ता लागला, आणि समोरून धुरळा उडवत अभयची गाडी आली. लोक बाजूला झाले. त्याने लांबच ब्रेक मारला, बूट काढून फेकले आणि धावत आला. रात्रभर जागल्याचं तोंडावर दिसत होतं, सदऱ्यावर ग्रीस.

"आई, निघाल्या?"

"निघाल्या," अक्का म्हणाल्या.

त्याने गावाकडे पाहिलं, मग महासतीजींकडे, आणि तिथेच डांबरावर डोकं टेकलं. महासतीजी थांबल्या. त्यांनी साध्वींच्या रीतीप्रमाणे "दया पालो" म्हटलं आणि मग अक्कांकडे वळून हिंदीत विचारलं, "यही है वो?"

"हां," अक्का म्हणाल्या. "यही."

महासतीजींनी त्याला नीट पाहून घेतलं, घरातली बाई नव्या पोराला पाहते तसं. अभय खाली मान घालून हुंदके देत होता, सत्तावन्न वर्षांचा माणूस, चार गावकऱ्यांसमोर. महासतीजींनी मग सगळ्यांना मांगलिक पाठ म्हणून आशीर्वाद दिला, आणि "बस, अब यहीं रुको," असं अक्कांना म्हणाल्या. तिघी चालायला लागल्या. त्या मागे वळून बघत नाहीत.

लोक परत फिरले. आम्ही तिघंच उरलो. गाडी भरलेली, दार उघडं, आणि सवयीने अभयने खिशातून फोन काढला, बघितला, परत ठेवला. जोधपूर गाठायचं तर लगेच निघायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. अक्का रस्त्याच्या मधोमध उभ्या. तो रस्ता असा सरळ की माणूस लवकर दिसेनासा होत नाही. तिघींच्या तीन पांढऱ्या रेघा झाल्या, मग एकच, मग उन्हात डांबर थरथरायला लागलं आणि काहीच उरलं नाही. मी हात कपाळावर धरून पाहिलं. रिकामा रस्ता होता. अभयनेही पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आई," तो म्हणाला.

"थांब," अक्का म्हणाल्या. "दिसतेय अजून."

मला वाटलं, आता हा सांगणार. अभयने पुन्हा एकदा त्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "दिसतायत."

आणि आईच्या शेजारी उभा राहिला.